सुनेच्या सायकलीचा मागचा सांधा

माझी सून डोंगरावर सायकल चालवते. ही सायकल बॅटरीवरची आहे, जाड टायरांची, पुढे-मागे शॉकअप असलेली. शनिवार-रविवारी पुण्याकडची माणसं आपापल्या सायकली गाडीवर बांधून आमच्या गावात येतात. ती त्यांना वरच्या पठारावर नेते, तिथून लेण्याद्रीचा डोंगर दाखवते आणि दुसऱ्या वाटेने खाली उतरवते. ओतूरला कॉलेजात असताना ती शर्यतीत उतरायची. हे काम मात्र तिने लग्नानंतर, आमच्या घरात राहून उभं केलं.

पावसाळा सरल्यावर एकदा ती याच उतारावर पडली. आमच्या शेतामागे पायरीसारखा एक खडक आहे. त्यावरून सायकल खाली आली, मागचा शॉकअप पार तळाला बसला, ठण्ण आवाज झाला आणि सीटने तिला वर उडवलं. खांदा चांगलाच मुरगळला. माझ्या मुलाने तिला पाठीवर घेऊन घरी आणलं. तो टोमॅटोचा टेम्पो चालवतो, भारी क्रेट उचलायची त्याला सवय आहे, पण त्या दिवशी तिला खाटेवर टेकवून तो उंबऱ्यावरच बसला.

"ती सायकल देऊन टाकू," तो म्हणाला. "मंचरचा एकजण कवाचा मागतोय."

"सायकलीचा दोष न्हाई," सून म्हणाली. "बॅटरीमुळं वजन जास्त, त्यात आपले खडक असले. मागचा सांधा बदलायचा. त्याला लिंक म्हंत्यात. मी मागवलीय."

"शॉकअप नवा टाकणार?"

"शॉकअप ह्योच. त्याला दाबणारा सांधा तेवढा नवा."

मुलाने तिच्या खांद्याकडे पाहिलं. "रविवारी त्यो माणूस बघायला येणार हाय. तवर काय करायचं ते कर. त्याच खडकावरनं उतरून दाखव. पुन्हा तशीच आपटली तर मी सायकल त्याला देणार. कबूल?"

"कबूल."

त्याने तिला अडवू नये असं मला फार वाटत होतं. पण मला चारचौघांत बोलता येत नाही, घरच्या चौघांतसुद्धा. मी भाकऱ्या वाढत राहिले.

नंतर चुलीपाशी मी तिला विचारलं, की एवढ्याशा सांध्याने काय होणार. तिने तळहात माझ्यापुढे धरला. "दाबा आत्या." मी दाबला, तर तो सरळ खाली गेला आणि जमिनीला लागला. "हा जुना. शेवटपर्यंत मऊच. आता परत दाबा." या वेळी हात सुरुवातीला सहज खाली गेला, मग जसजसा खाली जाईल तसतसा जड होत गेला, आणि जमिनीला टेकलाच नाही. मला तेवढ्यात सगळं समजलं. शाळेत असं कोणी शिकवलं असतं तर मी चौथीच्या पुढे गेले असते.

शुक्रवारी तिने ओसरीवर गोणपाट अंथरलं. आधी बॅटरी काढून घरात ठेवली. मग बैलाचा कासरा वाशावरून घेऊन त्यात सायकल टांगली आणि मागचं चाक सोडवलं. उजवा खांदा अजून दुखत होता, म्हणून ती डाव्या हाताने पाने फिरवत होती. काढलेली प्रत्येक वस्तू परातीत ओळीने मांडत होती. मी एक बोल्ट पुसायला उचलला तर म्हणाली, "आत्या, पुसा, पण परत तिथंच ठेवा. तो डावीकडचा हाय."

नवा सांधा काळा, तळहाताएवढा, मधे बाक असलेला. त्याच्या भोकांत बेअरिंग बसवलेले होते. तिने ते बोटाने फिरवून कानाशी धरले, हलकं ग्रीस लावलं, बोल्टच्या आट्यांवर निळ्या गोंदाचा थेंब टाकला. आवळण्यासाठी तिच्याकडे एक लांब दांड्याचा पाना आहे. पाहिजे तेवढा जोर झाला की तो 'टक' असा वाजतो. टक वाजलं की ती हात काढायची. घाई नाही, धुसफूस नाही. रांगोळीचे ठिपके काढावेत तसं काम चाललं होतं. माझ्या हातातली लसूण तशीच राहिली.

सगळं जोडून सायकल कासऱ्यातून खाली उतरवल्यावर ती म्हणाली, "बसा आत्या."

"कुठं?"

"सीटवर. मला खालून बघायचंय किती दबतंय ते."

मी जन्मात कधी सायकलवर बसले नव्हते. रस्त्यावर कोणी नाही हे पाहून मी नऊवारीचा काष्टा सावरला, एक हात भिंतीला, एक तिच्या डोक्याला, आणि बसले. सायकल माझ्याखाली हळूच दबली, मी उठू लागले तशी हळूच वर आली. एखादं शहाणं जनावर वजन घेतं तशी. मला उतरावंसं वाटेना.

"पुरं आता," सून हसत म्हणाली. "न्हाईतर पावण्यांना तुमीच घेऊन जाल डोंगरावर."

शनिवारी ती खांदा दाखवायला ओतूरला गेली. परत आल्यावर सायकल ओसरीवरून खाली काढताना ती थबकली. सीट हाताने दाबली. पुन्हा दाबली. मग मला हाक मारून बसायला सांगितलं.

"कालच्यासारखंच लागतंय?"

"न्हाई गं. दगडावर बसल्यागत लागतंय."

तिने सांध्याच्या बोल्टला पाना लावला. तो हलेना. "एवढा मी न्हाई आवळला," ती म्हणाली.

मी कोपऱ्यात पाहिलं. ट्रॅक्टरचे नट सोडवायचा लोखंडी पाईप भिंतीला टेकवलेला होता, आणि तो सकाळी तिथे नव्हता. आमच्या मालकांच्या, सुनेच्या सासऱ्यांच्या, हाताची गोष्ट मला ठाऊक आहे. त्यांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण लावलं की ते उघडायलाही त्यांनाच बोलवावं लागतं. मी सुनेला पाईप दाखवला. उद्या तो माणूस येणार होता, आणि हे मुलाला कळलं असतं तर त्याने आजच निकाल लावला असता.

मालक कांद्याला पाणी देत होते. ती बांधावर गेली, मी चहा घेऊन मागोमाग गेले.

"मामा, सायकलीचे बोल्ट तुमी आवळले का?"

"मंग? सगळे ढिले व्हते. बाईमाणसाचा हात, त्यात खांदा दुखतोय तुजा. पाईप लावून पिळले चांगले. आता हत्ती बसला तरी निघायचं न्हाई."

"निघायचं न्हाई, हे खरं. पण हलायचं बी न्हाई. त्यो सांधा हाय मामा, त्याला हलायला पायजे."

मालकांच्या हातातला चहा तसाच राहिला. "म्हंजे मी इस्कटलं काय?"

"उघडल्यावर कळंल. पण उघडायला तुमीच चला. माझ्यानं व्हायचं न्हाई."

ते फावडं टाकून तिच्यामागे निघाले. ओसरीवर त्यांनी तोच पाईप लावून एकेक बोल्ट सोडवला. एका बोल्टचे आटे सोलून निघाले, तारेसारखी चकचकीत शेव खाली पडली. मालक ती बोटावर घेऊन पाहत राहिले. तू पुन्हा पडू नयेस म्हणून केलं, एवढंही त्यांना म्हणता आलं नाही. सुनेने बेअरिंग काढून फिरवले, कानाशी धरले. "वाचलेत," ती म्हणाली. जुन्या सांध्याचे बोल्ट तिने डब्यात जपून ठेवले होते. त्यातला त्याच मापाचा एक, पलीकडून लागणाऱ्या नटासकट, तिने पुसून घेतला.

आता ती स्वतः आवळेल असं मला वाटलं. तिने पाना सासऱ्यांच्या हातात दिला.

"मामा, तुमीच आवळा. टक वाजलं की हात काढायचा."

"नको. मी पुन्हा इस्कटीन."

"मी हाय की बाजूला."

त्यांनी भीत भीत पाना ओढला. टक. हात तिथेच थांबला, पण मनगट पुढे जायला बघत होतं. "वाईच अजून?"

"न्हाई."

"एवढ्याशानं धरतंय?"

"धरतंय."

दुसरा बोल्ट, तिसरा. शेवटच्याला टक वाजलं तसा त्यांनी तिच्या सांगण्याची वाट न पाहता हात काढला आणि धोतराला पुसला. मी त्यांना आयुष्यात कुठलीही गोष्ट बेताने आवळताना पाहिलं नव्हतं. ते शिकण्याजोगे होते हेही मला त्या दिवशी कळलं. आणि टोचून एक शब्द न बोलता तिने ते शिकवलं. मी तिच्या जागी असते तर आत जाऊन रडले असते. मुलगा जेवायला आल्यावर यातलं कोणीच काही बोललं नाही.

रविवारी मंचरचा माणूस लवकरच आला. आम्ही सगळे शेतामागच्या खडकापाशी गेलो. मुलगा खडकाच्या अगदी खाली, हात पुढे करून उभा राहिला. सून वरून आली. मी पदर तोंडात धरला होता. पुढचं चाक उतरलं, मागचं उतरलं, सायकल खाली बसली आणि मी त्या ठण्ण आवाजाची वाट बघत राहिले. तो आलाच नाही. सायकल तिला घेऊन अलगद वर उठली आणि मुलाला वळसा घालून पुढे गेली.

"परत एकदा," मुलगा म्हणाला.

ती परत वर गेली आणि आधीपेक्षा जोरात आली. तसंच.

"लई झकास हाय राव," मंचरचा माणूस म्हणाला. "मंग, आजच न्यायची का?"

मुलगा काही बोलायच्या आत मालक म्हणाले, "पावणं, चहाला चला. सायकल इकायची न्हाई."

"आबा, मी त्यांना बोलावून घेतलंय."

"आपटली तर द्यायची, आसं ठरलं व्हतं. आपटली का?"

मुलाने मान खाली घातली, मग हसला. "न्हाई आपटली."

पाहुणा भला होता, तोही हसला. मुलाने सुनेच्या हातातून सायकल घेतली आणि घराकडे ढकलत निघाला. चालता चालता त्याने विचारलं, "येत्या शनिवारी किती माणसं येणार हायेत तुजी?"

"पाच-सहा."

"पोहे करावे लागतील," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळून पाहिलं.

"करीन की," मी म्हणाले. पाहुण्यासमोर.