ताटातलं पाणी

सून चिंचेनं पितळी ताट घासत होती. त्या आंबट वासानं मला सांगलीच्या बोर्डिंगातल्या पंगतीत नेऊन बसवलं. बहात्तरचा दुष्काळ होता. माझे वडील, आबा, वडूजहून भेटायला आले होते. बोर्डिंग जैनांचं; जेवण झालं की ताटात पाणी घालून, ताट विसळून ते पाणी प्यायचं, अन्नाचा कणही वाया घालवायचा नाही, ही तिथली रीत. आबांना ती सांगायची मी विसरलो. त्यांनी घरच्या सवयीनं ताटातच हात धुतले. पोरं हसली. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं.

आबांनी आजूबाजूला पाहिलं. मग सगळ्यांसारखं ताट उचललं आणि ते पाणी पिऊन टाकलं.

एसटीत चढताना म्हणाले, "हितलं पाणी लय गोड हाय रं."

मी नुसतं "व्हय" म्हणालो.