सात नंबरच्या खाटेवरची आत्या

तुम्हाला कुणी ‘ए सात नंबर’ अशी हाक मारली, तर तुम्ही ओ द्याल? नाही ना? मग बाळंतपणाच्या वॉर्डात बायकांनी का द्यायची?

त्या सरकारी दवाखान्यात हे एकाच नर्सला खटकायचं. तिला सगळे स्टूल सिस्टर म्हणायचे, कारण ती खाटेशी उभी राहून कधी बोललीच नाही. पत्र्याचं एक स्टूल बगलेत मारून वॉर्डभर हिंडायची. खाटेपाशी ते टेकवायचं, त्यावर बसायचं आणि विचारायचं, “काय म्हणू तुला? आणि तुला काय हवंय?” स्टुलाचा एक पाय आखूड होता, त्यामुळे बोलताना ती डुलायची.

ती देवमाणूस वगैरे नव्हती, हे आधीच सांगते. तोंडाने फटकळ. सुरुवातीला तर विचारून विचारून बायकांना भंडावून सोडायची. कळांनी हैराण झालेली एकजण शेवटी खेकसली, “मला काय हवंय? तू गप्प बसायला हवीस.” त्या दिवसापासून ती आधी विचारायला लागली, “बोलू की नुसती बसू?” घरी मात्र सगळा उलटा कारभार. नवरा शिंपी. तो म्हणायचा, “मला कधी विचारलंस, काय हवंय म्हणून?” ही म्हणायची, “तुला कळा आल्या की विचारीन.”

मेट्रनबाईंच्या डोळ्यांत हे स्टूल खुपायचं. त्यांचा वॉर्ड म्हणजे कवायत. हाक नंबराने, प्रत्येकीने आपापल्या खाटेवर उताणं पडायचं, नातेवाईक दाराबाहेर. एका शनिवारी त्यांनी सांगूनच टाकलं, “सोमवारपासून तू चादरींच्या कोठीत. तिथे गठ्ठ्यांना विचारत बस, काय हवंय ते.”

स्टूल सिस्टरचा चेहरा पडला. जन्म बाळंतिणींच्या उशाशी गेलेला. चादरींशी ती काय बोलणार, कप्पाळ?

त्याच दिवशी आमच्या शेजारची बसकंडक्टर तिथे दाखल झाली. मीही गेले होते, भांडायची वेळ आली तर आपलं माणूस असावं म्हणून. कंडक्टरने सांगितलं, “मला माझी आत्या जवळ हवी. आणि मला आडवं पाडू नका, सिस्टर. उभा जन्म बसमध्ये उभ्याने गेलाय, मला उभ्यानेच सोसेल.”

स्टूल सिस्टरने तिला तपासलं, बाळाचे ठोके ऐकले. “छान आहेत. चाल हवं तेवढं, मी बरोबर आहे. आत्यालाही आत घे.”

कंडक्टर आणि स्टूल सिस्टर कॉरिडॉरच्या टोकाला गेल्या. कंडक्टर खिडकीचे गज धरून डुलत होती आणि कळ आली की बघ्यांवर ओरडत होती, “पुढे सरका, पुढे सरका, दारात गर्दी नको.” लोक मुकाट्याने सरकत होते.

इकडे कंडक्टरची खाट क्रमांक सात रिकामी. आत आलेल्या आत्याने शेजारच्या बाळंतिणीकडून स्टूल सिस्टरच्या बदलीचं सगळं ऐकून घेतलं. आत्याची कंबर दुखत होती, पाठ टेकायला म्हणून ती आडवी झाली. अंगाने भरलेली बाई, पोट चांगलं गरगरीत. चादर ओढली आणि झोपेत कण्हायला लागली. मेट्रनबाईंनी लांबूनच ऐकलं. “सात नंबरची वेळ भरली. आत घ्या.”

ट्रॉली हलली तशी आत्या जागी झाली. “अरे, मी नाही. मी आत्या आहे.”

“घाबरू नका, सगळ्याच असं काहीतरी बोलतात,” ट्रॉली ढकलणारा म्हणाला. पुढे बघत म्हणाला, खाली नाही.

आत शिकाऊ डॉक्टरने पोट चाचपलं. “कळा कुठे येतात?”

“गुडघ्यात. लग्नापासून.”

“जोर लावा.”

“कशाला?”

तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं आणि त्याला पिकलेले केस दिसले.

तोवर आमची कंडक्टर वॉर्डात परतली होती. खाट नाही, आत्या नाही, आणि कळ थांबायला तयार नाही. स्टूल सिस्टरने जमिनीवर धुतलेली चादर पसरली, तिच्या हाती स्टूल दिलं. कंडक्टर गुडघ्यांवर बसली, स्टुलाला मिठी मारली आणि मोकळी झाली. मुलगी. आवाज थेट आईचा.

मेट्रनबाई प्रसूतिगृहात धावल्या; बाळ-बाळंतिणीला दुसऱ्या नर्सच्या हवाली करून स्टूल सिस्टर आणि मीही मागोमाग. “अहो, उतरा खाली.”

“नाही उतरणार,” आत्या म्हणाली. “आणलंत तेव्हा विचारलंत?”

“बरं, काय हवंय तुम्हाला?”

“असं उभ्याने नाही. आधी बसा.”

बसायला तिथे काय असणार? स्टूल सिस्टरने आपलं स्टूल पुसून पुढे केलं. मेट्रनबाई बसल्या आणि डुलल्या. कित्येक वर्षांत त्यांचं तोंड कुणा खाटेवरच्या बाईच्या तोंडासमोर आलं असेल, असं मला वाटत नाही. त्या हळूच म्हणाल्या, “काय म्हणू तुम्हाला?”

“आत्याबाई म्हणा. मला चहा हवाय, माझी भाची बघायचीय, आणि ही स्टूलवाली पोरगी चादरींच्या कोठीत नाही, याच वॉर्डात हवी.”

मेट्रनबाई डुलत्या स्टुलावर सावरून बसल्या. मग म्हणाल्या, “चादरींना दुसरं कुणीतरी बघू.”

मी बदलीविरुद्ध घोषणा तयार ठेवली होती. ती घशातच राहिली, याचं मला अजून वाईट वाटतं.

सोमवारी स्टूल सिस्टर वॉर्डातच होती. मेट्रनबाई आजही नंबरच पुकारतात. पण खाटेपर्यंत येतात, चादर बाजूला करून तोंड बघतात, मगच ट्रॉली हलते.

तुम्हीही कधी बाळंतिणीला बघायला जाल. बाळाचं नाक कुणावर गेलंय, ते नंतर ठरवा. आधी तिच्या खाटेशी बसा, तिच्या तोंडाकडे बघा आणि तिला विचारा, बोलू की नुसतं बसू?