हजार आवाजांचा नवरा

या सदरात येणारे अनुभव मी नेमाने वाचते. वडाखालची पांढरी साडी, उलट्या पावलांची बाई, गाडीत बसून मध्येच गायब झालेला म्हातारा... वाचते आणि हसते. प्राथमिक शाळेत पोरांना पाढे शिकवण्यात माझा जन्म गेला; भुताखेतांवर माझा कधी विश्वास बसला नाही. तसा तो नवऱ्यावरही नव्हता, पण नवरा निदान दिसत तरी होता.

आता जे सांगणार आहे त्यात ना अमावस्या आहे, ना स्मशान. जे झालं ते भर उन्हात, शेकडो लोकांसमोर झालं. लाउडस्पीकरसुद्धा होता.

माझं माहेर मुकुटबनजवळचं, तेव्हाच्या वणी तालुक्यातलं. १९५६ साली आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि मी माहेराहून पुसदला गेले. दोन्ही वेळेला ज्याला न्यायचं होतं त्याला कोणी विचारलं नव्हतं. सासऱ्यांचं पुसदच्या बाजारात शिलाईचं दुकान होतं. एकुलता एक मुलगा गुलाब. त्याला सुईत दोरा ओवता येत नसे, पण नकला येत. स्टेजवरचं नाव गुलाबकुमार, आणि जाहिरातीत — ‘हजार आवाजांचा जादूगार’! हजार कोणी मोजले होते देव जाणे. त्या हजारांत त्याचा स्वतःचा एकही नव्हता, हे मला लग्नानंतर कळलं.

(नवऱ्याला अरे-तुरे करते म्हणून नाक मुरडू नका. उखाण्यात एकदा मानाने नाव घेतलंय, तेवढं पुरे.)

लग्नात अंतरपाटाच्या पलीकडून त्याने भटजींचीच नक्कल केली. मंगलाष्टक दोन तोंडांतून यायला लागलं तसे भटजी गांगरून थांबले. मांडव हसून लोटपोट. माझे बाबा तेवढे हसले नाहीत.

घरी भांडण काढावं, तर समोर नवरा नसायचाच. दळण का आणलं नाही विचारलं की सिनेमातला नायक उत्तर द्यायचा. जास्त बोलले की कुठला तरी पुढारी भाषण ठोकायचा. रडायला लागले तर माझ्याच आवाजात हुंदके. दाराआडून सासूबाईंच्या आवाजात हुकूम यायचा, “सूनबाई, गुलाबले चहा दे वं!” चहा घेऊन जावं, तर सासूबाई केव्हाच्या देवळात गेलेल्या. अशा माणसाशी भांडायचं म्हणजे कोणाशी भांडायचं? एकदा काकुळतीला येऊन म्हटलं, “तुमच्या आवाजात बोला ना जरा.”

तो म्हणाला, “कोणाच्या?”

चेष्टा नव्हती ती. तो खरंच विचारत होता.

लोक मात्र वेडे झाले होते. शारदोत्सव, जत्रा, तंबूतल्या सिनेमाचं मध्यंतर... जिथे चार माणसं जमतील तिथे गुलाबकुमार. कोणाचं तरी व्यंग उचलायचं, तोंड वेडंवाकडं करायचं आणि टाळ्या घ्यायच्या. माकडाला तेवढं जमतं, फक्त त्याला कोणी हार घालत नाही.

आता बाबांविषयी. बाबा कापूस-तूर पिकवणारे साधे शेतकरी, पण चार गावांत ओळख धुरकरी म्हणून. शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणारा तो धुरकरी. बाकीचे तुतारी वापरायचे — टोकाला खिळा मारलेली काठी. बाबांनी जन्मात बैलाला तुतारी लावली नाही. त्यांच्याजवळ हाक होती. तिला शब्द नव्हते. पोटातून निघायची, घशात एक गिरकी घ्यायची आणि त्यांचे ओठ मिटल्यावरही थोडा वेळ ऐकू येत राहायची. आमच्या घरची रीत अशी, की गोऱ्ह्याला पहिल्यांदा जुंपायचं त्या दिवशी मालकाने त्याच्या कानाशी तोंड नेऊन आपली हाक घालायची. मग ती हाक घरात दुसऱ्या कोणी घ्यायची नाही, सख्ख्या भावानेसुद्धा नाही. मला हा अडाणीपणा वाटायचा. शिकलेली होते ना मी.

लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी पटाच्या दिवसांत आम्ही माहेरी गेलो. बाबा सरदार आणि हौशा या जोडीला पाणी दाखवत होते, मधूनच हाक देत होते. आणि आमचे कलावंत गोठ्याच्या दारात बसून, डोळे मिटून, ओठ हलवत होते. ते ओठ मी ओळखत होते. बाबांनीही ओळखले.

“जवाईबुवा,” ते म्हणाले, “साऱ्या गावाची नक्कल करा. माही बी करा. थे हाक तेवढी घेऊ नका.”

“काहून मामाजी?”

“थे माही नाही. बैलाची हाय.”

“मंग बैलालेच इचारतो ना!” असं म्हणून हा खो खो हसला.

दुसऱ्या दिवशी पट होता. जोड्या सुटायच्या आधी लोकांची करमणूक म्हणून मंडळाने गुलाबकुमारला मंचावर चढवलं. त्याने नट केले, मंत्री केले, दारू प्यालेला पोलीस केला. मग गर्दीत बसलेल्या बाबांकडे बघून डोळा मारला आणि माइकला तोंड लावून हाक दिली.

मी बाबांच्या शेजारी होते. आधी वाटलं, बाबांनीच दिली. इतकी हुबेहूब! सरदार आणि हौशा लांब निंबाखाली बांधले होते. दावी तोडून दोघे गर्दीतून धावत आले... एकाही माणसाला धक्का न लावता... आणि मंचासमोर मान खाली घालून उभे राहिले. मैदान टाळ्यांनी दणाणलं. बाबा उठले, पुढे गेले, बैलांना परत न्यायला त्यांनी तोंड उघडलं...

नुसती हवा आली.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, धक्का बसला असेल, घसा बसला असेल. मीही तेच म्हटलं. पण घसा बसला नव्हता. “चला घरी,” हे बाबा अगदी खणखणीत बोलले. बोलता येत होतं, अभंग म्हणता येत होते, शेजाऱ्याला शिव्या देता येत होत्या. फक्त ती हाक निघत नव्हती. वणीच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं; म्हणाले, काही नाही. बैल बाबांकडे परक्याकडे बघावं तसे बघायचे. पेरणीला शेवटी भावाने तुतारी आणली. पहिला खिळा सरदारच्या पुठ्ठ्यात रुतला तेव्हा बाबा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून लहान मुलासारखे रडले. त्यानंतर ते ना पटाला गेले, ना शेतात. खायचे, झोपायचे, गोठ्याकडे पाठ करून बसायचे. माणूस जिवंत होता इतकंच.

आणि गुलाबकुमारचं नशीब उघडलं! ‘वऱ्हाडी धुरकरी’ हा त्याचा खास नंबर झाला. महाराष्ट्र राज्य झालं तेव्हाच्या कार्यक्रमांत तो, नागपूरच्या रेडिओवर तो, मग मुंबई. काळा चष्मा आला, रेशमी शर्ट आला. ज्यांनी कधी बैलाचं शेण तुडवलं नाही त्या लोकांनी त्या हाकेला ‘मातीचा आवाज’ म्हटलं. एका कार्यक्रमाची तबकडीसुद्धा निघाली, प्रेक्षकांच्या हशा-टाळ्यांसकट.

एका दुपारी ग्रामपंचायतीच्या रेडिओवर ती हाक लागली. मी तेव्हा माहेरी आले होते. आमच्या गोठ्यात दोन्ही बैल ताडकन उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, रेडिओ ज्या दिशेला होता त्या भिंतीकडे. बाबांनी ते पाहिलं आणि कानांवर हात ठेवले. माय अंगणातून किंचाळली, “बंद करा ना वं थो डबा कोणी!”

पुढच्या खेपेला तो पुसदला आला तेव्हा मी दारातच अडवला. “बाबाची हाक वापस करा,” म्हटलं.

“वापस? हाक काय वाटीभर साखर हाय, उसनी नेली न् वापस केली?”

“त्याईचा जीव चालला तिच्यापायी.”

“जाऊ दे ना माय, कायले जीव जाळतं?”

हे बाबा बोलले. म्हणजे बोलला तोच, पण बाबांच्या आवाजात. मला ‘माय’ फक्त बाबाच म्हणायचे. तोवर त्याचा राग येत होता. त्या दिवशी त्याची किळस आली. मी ट्रंक भरली आणि निघाले. मुकुटबनच्या शाळेत नोकरी मिळाली, आणि कलावंताची बायको होण्यापेक्षा मास्तरीण होणं बरं असं म्हणून तिथेच राहिले.

साठ साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. हौशा मेला होता. सरदार म्हातारा होऊन नुसता बांधलेला असायचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तूप लावून शेकायचे आणि त्याला जेवणाचं आमंत्रण द्यायचं, ही आमच्याकडची पद्धत. दुपार कलली होती. त्या वर्षी काय मनात आलं कोण जाणे, बाबा कितीतरी दिवसांनी गोठ्यात शिरले. सरदारचा खांदा स्वतः चोळला, कानाशी वाकले आणि म्हणाले, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.”

आणि मग त्यांनाही नकळत हाक निघाली.

तीच. पोटातली, घशात गिरकी घेणारी. माझ्या हातातली हळदीची वाटी पडली. सरदारने मान वळवली, बाबांकडे नीट पाहिलं आणि डोकं त्यांच्या छातीवर टेकवलं. माय दारात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. बाबा म्हणाले, “आली, पाह्य वं. आली.”

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरत असताना एक माणूस आमच्या अंगणात आला. चुरगळलेला रेशमी शर्ट, चष्मा नाही. त्याने सांगितलं ते असं — दोन दिवसांपूर्वी मुंबईला दुपारचा खेळ होता. धुरकऱ्याचा नंबर आला, त्याने तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. नायकाचा आवाज काढून पाहिला, नाही. मंत्र्याचा, नाही. लोकांना वाटलं हाच विनोद आहे. आधी हसले, मग शिट्ट्या मारल्या, मग खुर्च्या आपटत उठून गेले. ऐकून मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू?

पण तो हे सांगत होता तो आवाज... किरटा, सपाट, थोडा नाकातला. मी कधीच ऐकलेला नव्हता. बाबाही खाटेवर कान टवकारून बसले होते.

“हे आता कोणाची नक्कल हाय, जवाईबुवा?”

“कोणाचीच नाही मामाजी,” तो म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजाला दचकला.

बाबांनी त्याला जेवायला वाढायला सांगितलं. माझ्यावर असतं तर वाढलं नसतं, पण घर त्यांचं होतं.

हाक दोघांनाही येत राहिली असती तर मी समजू शकले असते. पण इकडे आली तेव्हाच तिकडून गेली, हे कसं? भाचा डॉक्टर आहे, तो म्हणतो मनाचे खेळ. असतील. मग त्याने तबकडीचं उत्तर द्यावं. ती तबकडी माझ्याजवळ आहे. आधी धुरकऱ्याच्या जागी हाक होती, अख्ख्या गावाने ऐकली होती. त्या पोळ्यानंतर लावली तर निवेदकाचं बोलणं आहे, मग सुईची नुसती खरखर आहे, आणि पुढे टाळ्या. कशाला वाजवताहेत कोणास ठाऊक. नातवाने आता आधुनिक मशीनवर लावून पाहिली... खरखर आणि टाळ्या. मला आजही याचा अर्थ लागलेला नाही आणि कोणी लावून दिलेलाही नाही.

गुलाबकुमारला जग महिन्याभरात विसरलं. तो बापाच्या शिलाईच्या दुकानात काज-बटन करायला बसला, तेही वाकडंतिकडं. मी बदली मागून पुसदला परत गेले. दया आली म्हणून नाही. त्याला दळणाचं विचारलं की आता तोच उत्तर द्यायचा, आणि उलट बोललं की तोच चिडायचा. तो मरेपर्यंत आम्ही भांडलो, अगदी पोटभर.

त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. तो किरटा आवाज कसा होता हे नातवंडांना दाखवावं म्हणून मी कधी कधी प्रयत्न करते. इतका सामान्य आवाज, कोणालाही जमावा. मला जमत नाही.