सायप्रिनसच्या जादा प्रती

गोदावरीचं पात्र कोरडं पडलं की आमचं जाळं दोरीवर नुसतं वाळायचं आणि आबा-माय दुसऱ्याच्या कपाशीत खुरपायला जायचे. पाणी असलं तरी मोठे मासे तीर्थपुरीच्या बाजारात जायचे आणि घरी रस्सा. कधी नुसताच रस्सा. त्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आता जालन्यातल्या एका रिसर्च सेंटरमध्ये माशांच्या जीनोमवर काम करते. जीनोम म्हणजे जिवाचा सगळाच्या सगळा डीएनए.

त्या सोमवारी बोराडे सरांनी टेबलावर रिपोर्ट टाकला. ते आमच्या प्रोजेक्टचे प्रमुख. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प माशाचा डीएनए वाचायला आम्ही एका कंपनीकडे पाठवला होता. सॅम्पलसाठी माशाचा तुकडा मीच ब्लेडनं कापला होता. कंपनीचा शेरा असा, की जनुकांच्या प्रती दुप्पट दिसतात, बहुधा दोन माशांचा डीएनए मिसळलाय, जादा प्रती काढून टाकाव्यात.

"ब्लेड बदललं होतंस का?" सरांनी विचारलं.

"ब्लेड नवं होतं सर. मासा एकच होता."

"मग कंपनी खोटं बोलते?"

"खोटं नाही. त्यांनी रोहूची सेटिंग लावलीय."

इथं थोडं सांगायला हवं. बहुतेक हाडांच्या माशांच्या पूर्वजांत फार जुन्या काळी अख्खा जीनोम एकदा दुप्पट झाला. रोहूचंही तेच. पण सायप्रिनसच्या घराण्यात नंतर आणखी एकदा दुप्पट झाला, एक कोटीहून जास्त वर्षांपूर्वी. त्यामुळे रोहूत जे जनुक एक, ते सायप्रिनसमध्ये पुष्कळदा दोन. रोहूच्या मापानं पाहिलं तर दुसरं जनुक भेसळच वाटणार.

"दुपटीचं मलाही माहीत आहे," सर म्हणाले. "पण इतक्या प्रती टिकतात?"

मी तयारीनं गेले होते. "सर, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो. यात तो एकाच प्रकारचा आहे. दोन मासे असते तर दोन आया दिसल्या असत्या."

"आणि दोघं भावंडं असतील तर? एकाच तळ्यातले?"

मुद्दा बराबर होता.

"शुक्रवारी मीटिंग आहे," सर म्हणाले. "तोवर पटवून दे. नाहीतर जादा प्रती काढायच्या, आणि सॅम्पलिंग दुसऱ्याकडे."

म्हणजे निम्मी गोष्ट कचऱ्यात, आणि मासा हाताळता येत नाही हा शिक्का कुणावर, तर मासेमाराच्या पोरीवर! मी ठरवलं, सरांच्या डोळ्यांदेखत एकाच माशावर दाखवायचं. दोन्ही प्रती तर दाखवायच्याच, शिवाय कुठली कुठं काम करते तेही. त्यासाठी आरएनए लागतो. जनुक चालू असेल तरच त्याचा आरएनए निघतो. पण मासा मेला की तो लवकर खराब होतो. बर्फातला मासा बिलकुल चालत नाही. मी घरी फोन लावला.

"आबा, एक सायप्रिनस पाहिजे. जित्ता."

"जालन्याला मासळी मिळंना का?"

मी सगळं सांगितलं. तिकडून हसू आलं. "एका माशात दोन मासे म्हणतेत व्हय तुझे सर? मंग मी आजवर निम्म्या भावानंच इकून राह्यलो!"

"तसं न्हाई आबा. आजोबा वारल्यावर आपल्याकडं दोन जाळी झाल्ती ना, सारखीच? मंग एक नदीला ठेवलं, दुसरं बारीक मासळीला. जनुकांचंही तसंच होतं. काही कामं वाटून घेतात, काही पडून कुजतात."

"कळलं. जित्ता आणतो."

गुरुवारी आबा काळीपिवळीनं आले. दुधाच्या कॅनमध्ये वीतभर सायप्रिनस. आमच्याकडं माशाचं बी, म्हणजे बारकी पिल्लं, नेताना पाण्यावर सारखी थाप मारत राहतात, त्यानं पाण्यात हवा मिसळते. आबा तीर्थपुरीपासून जालन्यापर्यंत थापा मारत आले होते. बाजूच्याची पँट भिजली, तो म्हणे, "काका, आंघोळ करूनच आल्तो मी!" आबा म्हणाले, "मंग आणखी एक करा, मासा जगला पाहिजे."

मासा टेबलावर उड्या मारत होता. सर समोर उभे. मी कल्ला आणि यकृत काढून लगेच थंड केलं. पुढचं काम पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य झेरॉक्स काढायच्या. आरएनएची आधी डीएनए-प्रत करून तोही तसाच तपासला.

शुक्रवारी सकाळी सरांनी जेलवर उमटलेल्या पट्ट्या पाहिल्या, एका प्रतीची एक पट्टी. निवडलेल्या प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती त्या एका माशात होत्या. काही जोड्यांत एक प्रत कल्ल्यात चालू, दुसरी यकृतात. काहींत एक पार गप्प.

सरांनी वाकून एकेक पट्टी पुन्हा मोजली.

"मिसळलेले दोन मासे असं काम वाटून घेत नाहीत," ते म्हणाले. "आज मीटिंगमध्ये तू बोल."

मी बोलले. कंपनीनं सेटिंग बदलून सगळं पुन्हा जुळवलं आणि शेरा मागे घेतला. सेटिंग लावण्याआधी मासा कोणता ते विचारावं, एवढाच यातला धडा.

जादा प्रतींसकट आमच्या सायप्रिनसचा जीनोम आज जगात कुणालाही उघडून पाहता येतो. त्यावरचा पेपर छापून आलाय. पहिलं नाव माझं आहे.