एका निकालाची दोन कार्डं

माझी धाकटी बहीण वकिलांच्या ग्रंथालयात हायकोर्टाच्या निकालांची सूची लावते. निकाल आला की वाचायचा, त्यात कोणते मुद्दे ठरले ते बघायचं आणि प्रत्येक मुद्द्याचं वेगळं कार्ड करून त्या त्या विषयाच्या खणात घालायचं. खून, दरोडा, घरभाडं सगळे तिथे गुण्यागोविंदाने शेजारी राहतात. कार्डं सांडू नयेत म्हणून त्यांच्या भोकांतून लोखंडी सळई ओवलेली असते. मी जेमतेम चौथी शिकले, पण ती सळई मला चांगली समजते.

तिचा जावई बोलायला गोड आणि हाताने कसाई. माझ्या भाचीचं तोंड त्याने उंबऱ्यावर आपटून जबडा मोडला, तेव्हा कुठे पोरगी माहेरी आली. घरी एकटी नको म्हणून धाकटी तिला कामावर घेऊन जायची. हा पठ्ठ्या तिथेही पोचला.

"चल मुकाट्याने."

"ती येणार नाही," धाकटी म्हणाली. "आणि हळू बोला जावईबापू, इथे लोक वाचतात."

त्याने भाचीचे केस मनगटाला गुंडाळले आणि तिचं डोकं कपाटावर हाणलं. काच फुटली तरी हाणतच राहिला. कानातून रक्ताची धार लागली. धाकटी मध्ये पडली, तर तिच्या पोटात लाथ घातली. वकीलमंडळी टेबलांखाली! धाकटी कोसळली ती खणाला धरूनच. खण उपसून आला, सळई निसटली; कार्डं जमिनीवर, सळई हातात. उठून तिने त्याच्या मनगटावर घातली. हाड मोडलं, केस सुटले, तो गुडघ्यांवर बसून केकाटायला लागला. तेव्हा तिने पुन्हा सळई उगारली आणि तोंडावर हाणली. त्याचा डोळा गेला.

खालच्या कोर्टाने तिला तुरुंगात धाडलं. हायकोर्टाने लिहिलं, पहिला फटका बचावाचा, तो गुन्हा नाही. दुसऱ्याच्या वेळी मात्र तो खाली बसला होता, म्हणून ती गंभीर दुखापत. भोगली तेवढी शिक्षा पुरे. वकिलांनी तिला परत कामावर घेतलं. टेबलाखालची लाज असणार थोडी.

तिचा निकाल तिच्याच टेबलावर येऊन पडला होता. कोणी हात लावला नव्हता. मी डबा घेऊन गेले तेव्हा बचावाचं कार्ड खणात गेलं होतं आणि तिने दुसरं कोरं कार्ड काढलं होतं. भाची समोरच बसलेली.

"आता हे कशाला गं आई? एक केलंस ना?"

"मुद्दे दोन आहेत."

"अगं, मारकुट्यांच्या खणात जाईल तुझं नाव! त्याच्यासारख्यांच्या शेजारी!"

"जाऊ दे. दुसरा फटका मीच मारला ना, का तुझ्या मावशीने?"

"मावशीने मारला असता," मी म्हटलं, "तर तिसरं कार्ड लागलं असतं, खुनाच्या खणात."

भाची हसली. एकाच बाजूने, जबडा अजून नीट मिटत नाही तिचा. धाकटीने कार्ड लिहून जागेवर लावलं आणि त्यातून सळई सरकवली. ती नवी होती. जुनी पोलिसांकडेच राहिली.