मावशीची पहिली सिगार

मावशीचं अर्धं आयुष्य गोदामात कापडाच्या गाठी आवळण्यात गेलं. तिने आवळलेला दोर सोडवताना गड्यांच्या नाकी नऊ येत. ते गोदाम बंद पडलं आणि ती सिगारच्या कारखान्यात लागली. आधी खालच्या मजल्यावर, पानांच्या शिरा काढायला. मग हात चांगला म्हणून वर, सिगार वळणाऱ्यांच्या टेबलावर.

तिच्या सिगारी दिसायला देखण्या. सरळ, गुळगुळीत, कुठे फुगवटा नाही. मुकादमाने एक पेटवली, गाल आत जाईपर्यंत ओढली आणि खाली ठेवली.

"मावशी, ही सिगार नाही, लाटणं आहे. धूरच येत नाही."

माणूस वाईट नव्हता. त्याने शनिवारपर्यंत सवड दिली. नाही जमलं तर पुन्हा खाली. खाली जायचं मावशीला कबूल नव्हतं. ते काम हलकं होतं म्हणून नव्हे; वर यायला तिने घाम गाळला होता.

शेजारच्या टेबलावरचे आजोबा तिला रोज सांगत, हात सैल सोड. ती सोडायची. म्हणजे तिला तसं वाटायचं. किती सैल म्हणजे सैल, हे बोटांना कोण सांगणार? ओढून पाहिल्याशिवाय कळणार नाही, असं तिने ठरवलं. जन्मात कधी तंबाखू तोंडाला लावली नव्हती. आपली एक नापास सिगार आणि आजोबांची एक चांगली मागून घेऊन ती घरी आली.

मागच्या पायरीवर बसून तिने आधी आजोबांची पेटवली, तीही टोक न कापता. धूर येईना म्हणून टोक दातांनी तोडलं, तर पान सुटून जिभेला चिकटलं. मग जोरात ओढून धूर थेट छातीत घेतला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. सून दारात उभी राहून म्हणाली, "आई, या वयात नादाला लागताय होय? लोक काय म्हणतील?" लोकांना कुठे वरच्या टेबलावर बसायचंय, असं मावशीने तिला ऐकवलं.

नवरा तरुणपणी ओढायचा. त्याला मास्तरकीची भलतीच हौस आली. उपाशीपोटी ओढू नकोस, धूर गिळू नकोस, तोंडात खेळव आणि सोड, घाई केलीस तर तापून कडू होते, असं तो सांगत सुटला. तिला मळमळायला लागलं तेव्हा साखरही त्यानेच आणून दिली. वर, आता पुरे म्हणाला.

"अहो, असं अर्ध्यातून उठले असते तर गोदामात पहिल्याच दिवशी हाकलली असती मला."

तिने स्वतःची सिगार घेतली. टोक सुरीने नीट कापलं, काडीवर फिरवत पेटवली. ओढली. काहीच आलं नाही. आणखी ओढली, गाल दुखले तेवढेच. आजोबांच्या सिगारीतून धूर आपसूक येत होता. तिने दोन्ही उभ्या चिरल्या. आजोबांची पानं सैल घड्या घालून ठेवलेली, मधून वाट राहील अशी. तिची ठासलेली, मधोमध पिळलेली. तिने इथेही कापडच आवळलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत ती आपली एक सिगार ओढून बघू लागली. बंद निघाली की चिरायची, कुठे अडलंय ते शोधायचं, पुढची तिथे सैल ठेवायची. तोंड दिवसभर कडू. सिगारची आवड काही तिला लागली नाही. लागायची गरजही नव्हती.

शनिवारी मुकादमाने तिच्या टेबलावरची एक उचलली. आधीच्यांइतकी देखणी नव्हती. मध्ये जरा पोट सुटलेलं. त्याने पेटवून झुरका घेतला. धूर आला. आणखी एक घेतला. एका बाजूने वाकडी जळतेय, तेवढं सुधारा, म्हणाला. पण टेबल तुमचंच.

आजोबा हसले. मावशी हसली नाही. तिने दुसरी उचलून त्याच्यापुढे धरली.

"आत्ताच ओढली की," मुकादम म्हणाला.

"एखादी चुकूनही जमते. ही ओढा."

मुकादमाने खिशातून पुन्हा काडेपेटी काढली.