जर्मन बाईंचा गुडघा आणि माझा कुकर

टोकियोच्या निशी-कसाईतल्या मैत्रिणींनो, आज लेकीच्या शाळेत एक निवृत्त जर्मन टेनिसपटू आल्या होत्या. बारा वर्षं खेळल्या, मोठी स्पर्धा एकही जिंकल्या नाहीत, तरी हरलेल्या मॅचसुद्धा अभिमानाने सांगत होत्या.

मग बाईंनी आम्हा पालकांच्या हातात रॅकेट दिली. माझा बॅकहँड बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही खेळायचात! का सोडलंत? मी गुडघ्यामुळे सोडलं."

मी राज्य पातळीवर खेळायचे. मी बोलायच्या आत नवराच म्हणाला, "सामानात जागा नव्हती!" सगळे हसले.

खरंच होतं ते. जपानला येताना कुकर मावेना, म्हणून बॅगेतून रॅकेट काढली. मीच काढली. कुणी सांगितलंही नव्हतं. सहा वर्षं राग मात्र नवऱ्यावर काढतेय.

तुम्ही काय काढलं होतंत बॅगेतून?